बाजूची शीर

माझा पाय मोडला तो गाडीत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या करंजाड्यात सगळ्यांचा समज तोच आहे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईचा पाय मोडला म्हटल्यावर लोकांनी अपघात आपापल्या परीने रचून घेतला. कोणी त्यात डंपर घातला, कोणी उड्डाणपुलाचा कठडा, आणि एका काकूंनी तर मला हवेत उडालेलं प्रत्यक्ष पाहिलं होतं. खरं म्हणजे मी आमच्याच इमारतीच्या पायऱ्या उतरत होते आणि समोरच्या विंगमधल्या गृहस्थांनी गाडी किती तिरपी लावली आहे ते बघत होते. बघताना शेवटची पायरी राहिली. इतकी वर्षं पनवेलच्या रस्त्यांवर नवशिक्यांच्या शेजारी बसून मला साधा ओरखडा आला नाही, आणि दुसऱ्याच्या पार्किंगने माझा उजवा घोटा मोडला. ते गृहस्थ मला भेटायला आले, फळं आणली, आणि तेव्हाही खाली त्यांची गाडी तशीच तिरपी लावलेली होती.

माझा धंदा काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. आमच्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारी बाई उजवीकडे स्टीअरिंग धरून देवाचं नाव घेत बसते, आणि मी डावीकडे बसून गप्पा मारते, हातवारे करते, समोरच्या रिक्षावाल्याला चार शब्द सुनावते. लोकांना वाटतं मी तोंडाने शिकवते. शिकवतो तो माझा उजवा पाय. तो ब्रेकवर नुसता टेकलेला असतो, दाबत नाही, आणि ज्या क्षणी बाई ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबते त्या क्षणी तो कामाला लागतो. खाली बघायची सोय नसते. खाली बघायला गेलं की समोरची म्हैस राहून जाते. मग पाय ब्रेकवर आहे की नाही हे कळतं कसं? तर पायाची बाहेरची कड, करंगळीपासून टाचेपर्यंतची, गिअरच्या बाजूच्या प्लास्टिकला घासत असते. ते घासणं जाणवलं की पाय जागेवर. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

नवीन पनवेलमधल्या ज्या डॉक्टरांकडे मला नेलं ते तरुण होते, हुशार होते, आणि त्यांचं बोलणं निम्मं इंग्रजीत होतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलंय, जरा सरकलंय, प्लेट टाकावी लागेल. त्याला दोन रस्ते. एक म्हणजे लांब छेद घेऊन, सगळं उघडं करून, डोळ्यांनी बघत प्लेट बसवायची. पण पाय सुजलाय, कातडी ताणलीय, मोठी जखम भरायला वेळ लागतो, कधी चिघळते. दुसरं म्हणजे दोन लहान भोकं पाडायची आणि प्लेट कातडीखालून आत सरकवायची. जखम छोटी, त्रास कमी. ते हे सगळं नीट, शांतपणे सांगत होते आणि मी मनातल्या मनात पुढच्या बॅचमधल्या बायकांना फोन करत होते.

आमच्याकडे आजारपणाचा निर्णय डॉक्टर घेत नाहीत, तो खालच्या मजल्यावरून सुरू होतो आणि वर येत येत पक्का होतो. भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं: "दुर्बिणीने करून घ्या." आमच्या लोकांचा दुर्बिणीवर जो विश्वास आहे तो देवावरही नाही. पित्ताशय दुर्बिणीने, हर्निया दुर्बिणीने, गर्भाशय दुर्बिणीने. छेद छोटा असला की ती दुर्बीण. डोळ्यासमोर चित्र असं की डॉक्टर एका भोकाला डोळा लावून बसलेत आणि आतलं सगळं त्यांना आपल्यापेक्षा मोठं दिसतंय. माझ्याही डोळ्यासमोर तेच होतं. आमचे हे उरणच्या बंदरावर कंटेनरांचा हिशोब बघतात. तेही म्हणाले, "अगं, उघडं करून नुसत्या डोळ्यांनी बघण्यापेक्षा दुर्बिणीने जास्तच दिसेल ना." इतका तर्कशुद्ध मूर्खपणा मला एकटीला सुचला नसता.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले. आता मुख्य गोष्ट. हे डॉक्टर तोपर्यंत फ्रॅक्चर, स्वेलिंग, रिकव्हरी, वॉकर, सगळं इंग्रजीत बोलत होते आणि मला सगळं समजत होतं. पण धोक्याची वेळ आली आणि त्यांना वाटलं, या बाईंना त्यांच्या भाषेत सांगावं. आयुष्यात एकदाच त्यांनी शुद्ध मराठी बोलायचं ठरवलं. म्हणाले, "भोकं लहान असतात, आतलं सगळं दिसत नाही. त्यामुळे क्वचित बाजूची शीर दुखावू शकते. तेवढा धोका तुम्हाला माहीत असावा."

शीर. आता तुम्हीच सांगा, शीर म्हटल्यावर तुम्हाला काय दिसतं? मला निळी शीर दिसली. हातावरची. रक्त काढताना नर्स शोधते ती. मी म्हटलं, "दुखावू दे की डॉक्टर, माझं हिमोग्लोबिन चांगलं आहे." ते किंचित गोंधळले, मग हसले. त्यांना वाटलं बाई धीराची आहे. मला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात. अशा रीतीने दोघांचं पूर्ण समाधान झालं.

संध्याकाळी आमची मासेवाली मावशी आली. ही उरणकडच्या खाडीकाठची. वयाने माझ्याहून लहान, पण करंजाड्यात सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. ती माझी शिष्यासुद्धा होती. जुना छोटा टेम्पो तिला स्वतः चालवायचा होता. दिराला रोज विनवणी करून कंटाळली होती. शिकणं निम्म्यावर आलं होतं आणि मी पाय मोडून घेतला. दुसऱ्या क्लासात जायला ती तयार नव्हती, तिथे शिकवणारे पुरुष शेजारी बसून मांडीकडे बघतात म्हणाली. तिला मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. टोपली खाली ठेवत म्हणाली, "शीर म्हंजे रगात. रगात काय, बोंबील खाल्ला का भरून येतंय. तुमी घाबरू नको बाय." म्हणजे हॉस्पिटलबाहेरचा दुसरा सल्लाही मिळाला. तिने बोंबील ठेवले आणि आमच्या ह्यांनी ते इतके वाईट तळले की त्यात कोणतीच शक्ती उरली नसावी.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं सगळं बधिर केलेलं होतं, पण मी जागी होते. पडद्याआड काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त बाजूला एक टीव्हीसारखा स्क्रीन होता आणि माझ्या पायावर कमानीसारखं एक यंत्र वाकलं होतं. मी बराच वेळ वाट बघितली. शेवटी विचारलं, "डॉक्टर, दुर्बीण कुठेय?"

"कसली दुर्बीण?"

"ऑपरेशनची."

पलीकडून कोणीतरी खुसकन हसलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दुर्बीण पोटाला, गुडघ्याला. इथे एक्स-रेवर बघतो. तो बघा स्क्रीन."

मी स्क्रीन बघितला. माझा घोटा होता. काळ्यावर पांढरी हाडं, आणि त्यांच्या बाजूने एक पांढरी पट्टी हळूहळू वर सरकत होती. छान दिसत होतं. मग मला सहज वाटलं, बाकीचं कुठे आहे? मांस, शिरा, जे काय माणसाच्या पायात भरलेलं असतं ते? तिथे नुसतं काळं होतं. एक्स-रेला हाडं दिसतात, लोखंड दिसतं, त्यांच्यामधलं काही दिसत नाही. म्हणजे सगळ्या बिल्डिंगने मला ज्या ऑपरेशनसाठी आग्रह केला, कारण त्यात जास्त दिसतं, त्यातच डॉक्टरांना कमी दिसत होतं. हा विचार मला अगदी योग्य वेळी सुचला, म्हणजे प्लेट अर्धी आत गेल्यावर.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी टोमण्याने म्हणत नाही. हाड रेषेत आलं, जखम चिघळली नाही, टाके वेळेवर निघाले. एक्स-रे इतका देखणा होता की आमच्या ह्यांनी तो मोबाईलमध्ये फोटो काढून बंदरावर सगळ्यांना दाखवला. भेटायला येणारे घोट्यावरच्या दोन लहान खुणा बघत आणि म्हणत, "एवढंसंच? दुर्बिणीची कमाल." मीही मान हलवायचे. तळव्याला सगळं नीट लागत होतं. बाहेरची कड तेवढी जरा लाकडासारखी वाटायची, पण सूज आहे, पट्टी होती, असं म्हणून मी सोडून दिलं. वॉकर सुटला, काठी सुटली, मी हळूहळू घरात फिरायला लागले.

मग एका सकाळी आमचे हे ओरडले, "अगं, हे रक्त कसलं?" हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत लाल ठिपके. मी म्हटलं मासे धुताना सांडलं असेल. त्यांनी माझ्या पायाकडे बोट केलं. करंगळी पलंगाच्या पायाला आपटून नख उलटलं होतं आणि त्यातून रक्त येत होतं. करंगळी पलंगाला आपटणं म्हणजे काय ते प्रत्येकाला माहीत आहे. माणूस एका पायावर नाचतो, पलंगाला शिव्या देतो, पलंग घेणाऱ्याला देतो. मला काहीच झालं नव्हतं. मी कांदा चिरत होते.

"बरंय की," हे म्हणाले. "दुखलं तर नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातात सुरी असताना असं बोलायचं नाही हे त्यांना अजून कळलेलं नाही.

त्या दुपारी मी पलंगावर बसून पायाची बाहेरची कड चाचपली. आधी बोटाने, मग केसांच्या पिनेने. घोट्याच्या मागपासून करंगळीपर्यंत एक पट्टा होता, जो माझा नव्हता. पीन टोचली तर कातडी दबलेली डोळ्यांना दिसायची, आतमध्ये काही पोचायचं नाही. आणि तेव्हा मला माझा ब्रेक आठवला. म्हणजे ती कड आठवली, प्लास्टिकला घासणारी. भीती वाटली, साधी भीती. पाय मोडला तेव्हाही अशी वाटली नव्हती.

डॉक्टरांकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच. त्यांनी पाय हातात घेतला, डोळे मिटायला सांगितलं, कापसाने इथे तिथे स्पर्श केला. मी "हो" म्हणायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. मग खालच्या खुणेवर त्यांनी बोटाने टिचकी मारली. करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. ते म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, बाजूची शीर दुखावू शकते."

"ती रक्ताची शीर ना?"

"नाही हो. नर्व्ह."

"मग नर्व्ह म्हणायचं!"

"तुम्हाला मराठीत सांगावं म्हणून..." ते अडखळले. "मग नर्व्हला मराठीत काय म्हणतात?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मला जास्त राग आला. मान आखडली की शीर आखडली. मेंदूत रक्तस्राव झाला की शीर फुटली. कंबर धरली की शीर दबली. मनगट कापलं की शीर कापली. जे जे दोरीसारखं असतं आणि कातडीखाली असतं त्या सगळ्याला आम्ही एक शब्द दिला आणि निवांत झालो. शाळेच्या पुस्तकात मज्जातंतू होता खरा, पण त्यावर परीक्षेत मार्क मिळाल्यावर कोणी पुन्हा त्याचं नाव काढलेलं नाही. आमच्या ह्यांना घरी येऊन सांगितलं की मज्जातंतू दुखावलाय, तर ते म्हणाले, "मज्जा कसली त्यात?" त्यात अनेकवचन शिरा. शिरा म्हटलं की आमच्या घरात तूप आणि केळं आणायला पळतात.

डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते, हीच अडचण. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पेन काढून माझ्याच पायावर रेघ ओढली. ही नर्व्ह घोट्याच्या मागून अशी वळते आणि करंगळीकडे जाते. तिच्या शेजारूनच स्नायूंच्या दोऱ्या जातात, त्या तुमच्या व्यवस्थित आहेत. पण ही प्रत्येकाच्या पायात थोडी इकडेतिकडे असते. मोठा छेद घेतला तर ती दिसते आणि बाजूला सरकवता येते, लहान भोकातून ती कुठे आहे ते अंदाजाने धरावं लागतं. आम्ही जपून हत्यार घालतो, तरी कधी ती ताणली जाते, कधी जखमेच्या व्रणात अडकते. तुमची तुटलेली वाटत नाही. झिणझिण्या येतात ही चांगली खूण आहे. काही महिन्यांत परत येऊ शकते. थोडी कमीही राहू शकते. आणि मोठा छेद घेतला असता तर दुसरे धोके होते, तेही मी सांगितले होते.

खरंच सांगितले होते. मी विचारलं, "गाडी शिकवू शकेन का?"

ते म्हणाले, "आयत्या वेळी गाडी थांबवता येईल असा तुम्हाला कॉन्फिडन्स असेल तेव्हा."

पनवेलमध्ये कॉन्फिडन्सची काय कमी आहे. रस्त्यावर जो माणूस मोबाईल कानाला लावून उलट्या दिशेने येतो त्याच्याकडे किलोने असतो. पण डॉक्टरांनी निर्णय माझ्यावर टाकला तो टाकलाच, आणि तिथेच माझी खरी पंचाईत सुरू झाली. कारण बाहेरून मी पूर्ण बरी होते. एक्स-रे देखणा. चाल सरळ. खुणा एवढ्याशा. पायातला तो मेलेला पट्टा घर आणि दवाखाना सोडून कोणाला माहीत नव्हता. मी बोलले नाही तर शिकायला येणाऱ्या बायकांना कधीच कळणार नव्हतं. बायकांचे फोन येत होते, आम्ही थांबलोय, तुमच्याकडेच शिकणार. हे म्हणत होते, "गाडीत बस की आता. पायाला काय झालंय? अंगठा आहे, तळवा आहे, एवढ्याशा कडेवर काय अडतंय?" मला त्यांचं ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. घरात बसून माझा जीव कोंडला होता, आणि शिकवणं सोडून मला दुसरं काही येत नाही.

म्हणून आधी खाली पार्किंगमध्ये, बंद गाडीत, मी डावीकडे बसले आणि ह्यांना उजवीकडे बसवलं. ते "ब्रेक!" ओरडायचे आणि मी समोर बघत पाय मारायचे. पाय बसायचा. पुन्हा बसला. पुन्हा. हे खूश. "बघ, उगाच बाऊ करतेस." मीही खूश झाले. बंद गाडीत, समोर भिंत असताना, आता ओरडणार हे माहीत असताना, पाय ब्रेकवर बसत होता. अशा परीक्षेत कोणीही पास होतं.

मावशीला बोलावलं. तिला निम्मं येत होतं, तिच्यावर माझा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर दिराच्या तक्रारींचा तिचा पाढा मलाही आता पाठ झाला होता. तिला पायाबद्दल सगळं सांगितलं. शीर म्हणजे रगात नव्हे, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मंग ती कंची शीर?" मी म्हटलं, "जाणवायची." तिने मान डोलावली. एवढा सोपा शब्द त्या दिवशी डॉक्टरांना आणि मला मिळून सुचला नव्हता.

करंजाड्याच्या टोकाला अजून मोकळे प्लॉट आहेत. रस्ते आखलेले, दिवे लावलेले, इमारती यायच्या आहेत. सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. ठरलं असं की ती सरळ चालवेल, आणि गटाराच्या एका फुटक्या चेंबरजवळ ती काही करणार नाही, मी डावीकडून ब्रेक मारून गाडी थांबवणार. ती म्हणाली, "आनि नाय थांबली तं?" मी म्हटलं, "थांबेल गं."

गाडी निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये, बेताच्या वेगात. खिडकीतून खाडीचा वारा येत होता, मी सवयीने बडबडायला लागले, आरसा बघ, खांदे सोड, स्टीअरिंग गळ्यात घेऊ नको. बरं वाटत होतं. खूप दिवसांनी मी माझ्या जागेवर होते. चेंबर जवळ आलं आणि मी पाय मारला.

पायाखाली कडक लागलं. पूर्ण दाबलं. गाडी चालूच.

अजून जोर लावला. गाडी चालूच. चेंबर जवळ, त्याचं झाकण नाही, आत काळोख. मी ओरडले, "ब्रेक फेल! मावशी, ब्रेक फेल झालाय! हॅंडब्रेक!"

मावशीने हॅंडब्रेक ओढला नाही. तिने तिच्या पायाखालचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. झटका बसून, इंजिन बंद पडून, पण थांबली. चेंबर आमच्या बॉनेटच्या पुढे होतं. मग ती वाकून माझ्या बाजूला खाली बघायला लागली.

"बाय," ती म्हणाली, "ब्रेक बरा हाय. तुमचा पाय बाजूला हाय."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय पेडलच्या उजवीकडून निसटून आत गेला होता आणि मॅटवर होता. बाहेरची कड प्लास्टिकवर चेपून बसली होती. गाडी थांबून एवढा वेळ झाला तरी तो जीव खाऊन दाबत होता.

शिकणारीच्या जागी नवीन बाई असती तर? पहिल्या दिवसाची, जी घाबरली की पाय वर उचलते? आणि चेंबरच्या जागी शाळा सुटलेली असती तर? हे प्रश्न मला पार्किंगमध्येही माहीत होते. मी त्यांना बाजूला बसवलं होतं. आता ते समोर येऊन बसले आणि मला रडू फुटलं. मावशीसमोर, चांगलं हुंदके देऊन. डॉक्टरांवर नाही, मराठी भाषेवर नाही, कोणावरच राग उरला नव्हता. मी मावशीला म्हटलं, "आजपासून मी या जागेवर बसणार नाही. ही नर्व्ह परत येईल तेव्हा बघू. आली तर." बोलल्यावर ते खरं झालं. घरी जाऊन ह्यांना सांगणं, बायकांना फोन करणं, हे सगळं त्याच्या पुढचं होतं.

मावशीने पदराने माझं नाही, स्वतःचं तोंड पुसलं. "मंग आता घरला कोन नेनार?"

"तूच."

"तुमी ब्रेकवर पाय ठेवनार नाय?"

"नाही."

मी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. उजवा हाताने धरून वर घ्यावा लागला, घोटा अजून तेवढा वाकत नव्हता. डावीकडच्या दोन्ही पेडलवर कोणीच नव्हतं. तिने चावी फिरवली, गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा सुरू झाली. रिकाम्या रस्त्यावरून आम्ही आमच्या सेक्टरच्या दिशेने निघालो. प्रत्येक गतिरोधक आला की ती आधीच मोठ्याने सांगायची, "दाबते हां, बाय," आणि मग दाबायची, म्हणजे मी घाबरू नये. मी दर वेळी "हो" म्हणत होते.